स्कॅनर लागत नाही? ईसीएमवर बोट ठेवण्याआधी सोळा पिनांपासून सुरुवात करा

‘स्कॅनर लागत नाही, म्हणजे ईसीएम गेला.’ स्कॅनर म्हणजे गाडीच्या सोळा पिनांच्या कपलरला लावून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र, आणि ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर. गॅरेजमध्ये हे वाक्य फार सहज बोललं जातं आणि त्याचा भुर्दंड पडतो गाडीमालकाला. नवा ईसीएम महाग असतो. तो बसवल्यावर कोडिंग करावं लागतं, चावीच्या इमोबिलायझरशी (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेशी) जुळवावं लागतं, आणि एवढं सगळं करूनही स्कॅनर पुन्हा ‘लिंक एरर’च दाखवतो. कारण बिघाड ईसीएममध्ये नव्हताच. तो एखाद्या फ्यूजमध्ये, हिरव्या पडलेल्या कपलरमध्ये (वायरी जोडायच्या सॉकेटमध्ये), सैल अर्थमध्ये किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरमध्ये होता.

ईसीएम कधीच जात नाही असं नाही, जातो. पण तो गेला हे म्हणायचा हक्क आधीच्या सगळ्या पायऱ्या तपासल्यावरच मिळतो. त्या पायऱ्या इथे क्रमाने देतो आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर, पाच वॅट आणि एकवीस वॅटचा एकेक बल्ब होल्डर-वायरसह, आणि जमलं तर त्या गाडीचा वायरिंग डायग्राम एवढं हाताशी असलं की बहुतेक काम होतं.

नेमकं काय होतंय, ते आधी ठरवा

‘स्कॅनर लागत नाही’ या एका तक्रारीत चार वेगळे बिघाड लपलेले असतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

स्कॅनर कपलरला लावल्यावर त्याचा दिवाच लागत नसेल, तर प्रश्न वीज आणि अर्थचा आहे. दिवा लागतो पण एकही मॉड्यूल (गाडीतल्या अनेक छोट्या कॉम्प्युटरपैकी एक) उत्तर देत नाही, तर संवादाची लाइन, गेटवे (स्कॅनर आणि बाकी मॉड्यूल यांच्यामधला दरवाजा) किंवा चुकीची निवड यांच्याकडे बघायचं. एबीएस, एअरबॅग, बीसीएम (बॉडी कंट्रोल) सगळे बोलतात आणि फक्त इंजिनचा ईसीएम गप्प आहे, तर त्या एकाच मॉड्यूलची वीज, अर्थ आणि तिथपर्यंतच्या वायरी तपासायच्या. आणि लिंक होते पण मध्येच तुटते, विशेषतः इंजिन चालू केल्यावर, तर बहुधा विजेतला गोंधळ किंवा सैल जोड असतो.

म्हणून स्कॅनरवर फक्त इंजिन निवडून थांबू नका. सगळी मॉड्यूल एकेक करून उघडून बघा आणि कोण बोलतं, कोण नाही हे कागदावर लिहून काढा. जी मॉड्यूल बोलतात त्यांत यू अक्षराने सुरू होणारे कोड असतील, तर ते तुम्हाला पत्ताच सांगत असतात. यू०१०० म्हणजे इंजिनच्या ईसीएमशी संपर्क तुटला, यू०१०१ म्हणजे गिअरबॉक्सच्या मॉड्यूलशी, यू०१२१ म्हणजे एबीएसशी, यू०१४० म्हणजे बॉडी कंट्रोलशी आणि यू०१५५ म्हणजे डॅशबोर्डवरच्या मीटरशी. चार मॉड्यूल मिळून यू०१०० दाखवत असतील, तर चौघांपैकी कुणाचाही दोष नाही, सगळे एकाच गैरहजर माणसाचं नाव घेत आहेत. यू००७३ आला तर मात्र अख्खी लाइनच बंद पडून गेली होती असं समजा.

स्कॅनरची बाजू पाच मिनिटांत मोकळी करा

तोच स्कॅनर, त्याच केबलने, व्यवस्थित चालणाऱ्या दुसऱ्या गाडीला लावून बघा. तिथेही लागला नाही तर या गाडीची एकही वायर उघडायची गरज नाही. रोज वाकून-ओढून स्कॅनरच्या केबलची पिनेजवळची तार आतून तुटते, वरून काही दिसत नाही. दुसरी गाडी शक्यतो त्याच पिढीची घ्या. कारण कॅन लाइनवर (नव्या गाड्यांतली दोन वायरींची संवादाची लाइन) उत्तम चालणाऱ्या स्कॅनरचा के-लाइनचा (जुन्या गाड्यांतली एका वायरीची लाइन) भाग बिघडलेला असू शकतो.

मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ डोंगल हा वेगळाच विषय आहे. ईएलएम३२७ या चिपच्या नावाने बाजारात मिळणारे बहुतेक डोंगल नकला असतात. त्यांच्या आवरणावर छापलेल्या आवृत्तीच्या आकड्याला काही अर्थ नाही. काहींत के-लाइनसाठी लागणारे भागच आत बसवलेले नसतात, त्यामुळे नव्या गाडीला लागतात आणि जुन्या गाडीला लागत नाहीत. शिवाय डोंगल जोडणीसाठी १२३४ किंवा ०००० मागतं, तेव्हा मोबाइलशी जोडलं गेलं एवढंच सिद्ध होतं. गाडीशी ते बोलतंय का हा प्रश्न शिल्लकच राहतो. आयफोनला साधं ब्लूटूथ डोंगल चालत नाही, त्याला वाय-फायचं किंवा कमी ऊर्जेच्या ब्लूटूथचं लागतं. आणि आधी दुसऱ्याच मोबाइलने किंवा पार्श्वभूमीत चालू राहिलेल्या अॅपने डोंगल अडवून ठेवलंय का, तेही बघा.

पूर्ण स्कॅनर असेल तर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंजिन नीट निवडा. एकाच नावाच्या गाडीत पेट्रोल आणि डिझेलचे ईसीएम वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात. खात्री नसेल तर जेनेरिक ओबीडी (सगळ्या कंपन्यांसाठीची सामाईक पद्धत) हा पर्याय वापरून बघा. तिथे लिंक झाली तर लाइन धडधाकट आहे आणि चूक निवडीची आहे.

गाडीचं वयही महत्त्वाचं. आपल्याकडे कारना ओबीडी-२ ची सक्ती एप्रिल २०१३ पासून आली. त्याआधीच्या कित्येक गाड्यांत सोळा पिनांचा कपलर दिसतो, पण आत वायरी कंपनीच्या मनाप्रमाणे असतात. अशा गाडीला जेनेरिक स्कॅनर लागला नाही तर तो बिघाड नव्हे. अगदी नव्या गाड्यांत उलटी अडचण येते. काही कंपन्या सुरक्षेसाठी गेटवे बसवतात, तो कोड वाचू देतो पण पुसू देत नाही किंवा लॉगिन मागतो. बीएस-६ मोटारसायकलींचं म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी सहा पिनांचा छोटा कपलर असतो, त्यासाठी वेगळा अॅडॉप्टर घ्या.

शेवटचं आणि सर्वांत साधं: चावी ऑन आहे ना? बटण-स्टार्ट गाडीत क्लच किंवा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबल्यावर इग्निशन ऑन होतं. एकदा दाबून नुसतं म्युझिक चालू झालं असेल तर ईसीएम झोपलेलाच आहे. बॅटरी ११ व्होल्टच्या खाली गेली असेल तर पुढची कुठलीही मोजणी करू नका, आधी चार्जर लावा. अर्धमेल्या बॅटरीवर मॉड्यूल वेडेवाकडे कोड टाकतात आणि तुमचा अर्धा दिवस जातो.

सोळा पिना

स्टिअरिंगखालचा कपलर समोर धरलात आणि त्याची रुंद बाजू वर ठेवलीत, तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ असे नंबर येतात. लक्षात ठेवायच्या पिना थोड्याच आहेत. १६ नंबरला बॅटरीचा थेट प्लस, चावी बंद असली तरीही. ४ नंबर बॉडी अर्थ, ५ नंबर सिग्नल अर्थ. ६ नंबर कॅन हाय, १४ नंबर कॅन लो. ७ नंबर के-लाइन आणि काही गाड्यांत १५ नंबर एल-लाइन. २ आणि १० या जुन्या अमेरिकी पद्धतीच्या, आपल्याकडे क्वचितच लागतात. बाकीच्या पिना कंपनीच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत.

टॉर्च मारून आत बघा. एखादी पिन मागे सरकलेली आहे का, रुंद झालेली आहे का, त्यावर हिरवट-पांढरा थर आहे का? रुंद झालेली पिन हा गॅरेजमध्येच तयार होणारा बिघाड आहे. मल्टिमीटरचं जाड टोक कपलरच्या पिनेत जोरात खुपसलं की आतली पाती फाकते आणि त्यानंतर स्कॅनर हलवला की लिंक तुटते. म्हणून मीटरचं टोक थेट आत घालू नका. कपलर सोडवून मागच्या बाजूने पातळ सुई लावा, किंवा पिनांच्या जाडीचे तुकडे जोडलेल्या वायरी बनवून ठेवा. बाजारात सोळाही पिना बाहेर काढून देणारा ब्रेकआउट बॉक्स मिळतो. रोज हे काम करणाऱ्याने तो घ्यावाच.

वीज आहे का, आणि ती भार सोसते का

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. १६ आणि ४ मध्ये बॅटरीइतका व्होल्टेज हवा, १६ आणि ५ मध्येही तेवढाच. १६ वर काहीच नसेल तर फ्यूज. अनेक गाड्यांत हा फ्यूज सिगारेट लायटर किंवा मोबाइल चार्जरच्या सॉकेटबरोबर वाटून घेतलेला असतो. त्या सॉकेटमध्ये नाणं पडलं किंवा भुरटा चार्जर शॉर्ट झाला की फ्यूज उडतो आणि स्कॅनर मुका होतो. मालकाला विचारा, ‘चार्जिंग सॉकेट चालतंय का?’ बऱ्याचदा उत्तर तिथेच मिळतं. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघू नका, बसलेल्या जागीच त्याच्या डोक्यावरच्या दोन्ही टोकांवर व्होल्टेज मोजा.

आता मीटरने १२ व्होल्ट दाखवले म्हणजे काम झालं असं मुळीच नाही. मीटर जवळजवळ करंट ओढत नाही. पन्नास तारांच्या वायरीत एकच तार शिल्लक असली तरी त्याला १२ व्होल्ट दिसतात. म्हणून बल्ब लावून बघायचं. स्कॅनरच्या कपलरसाठी पाच वॅटचा पार्किंगचा बल्ब पुरे. १६ आणि ४ मध्ये, मग १६ आणि ५ मध्ये लावा. दोन्हीकडे सारख्याच तेजाने लागला पाहिजे.

याचं एक उदाहरण जवळून दाखवतो. रत्नागिरीकडची एक पेट्रोल हॅचबॅक, पावसाळाभर उघड्यावर उभी असलेली. सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही, बाकी मॉड्यूल बोलतात, इंजिन नाही. ईसीएमचा कपलर काढून त्याच्या मुख्य वीजपुरवठ्याच्या पिनेवर मीटर लावलं तर १२.४ व्होल्ट, म्हणजे कागदावर सगळं ठीक. त्याच पिनेवर एकवीस वॅटचा बल्ब लावला तर तो विस्तवासारखा लालसर, मंद. बल्ब लागलेला असतानाच मीटरने मोजलं तर व्होल्टेज ७ वर आलेला. मग मागे मागे जात राहायचं: वायरीचा पुढचा जोड, फ्यूजची बाहेरची बाजू, आतली बाजू, रिलेचं (विजेवर चालणाऱ्या स्विचचं) आउटपुट, रिलेचं इनपुट. रिलेच्या इनपुटला भरपूर, आउटपुटला कमी. रिले उपटला तर बॉनेटखालच्या फ्यूज बॉक्समधली त्याची एक पिन शेवाळासारखी हिरवी आणि पाती जळून ढिली झालेली. रिलेवरचं आवरण मागे फ्यूज बॉक्सचं झाकण उघडताना तुटलं होतं, पाणी तिथूनच आत जायचं. पाती बदलली, झाकण नीट बसवलं, ईसीएम बोलायला लागला.

अर्थसाठी हीच कसोटी उलट्या बाजूने लावायची. मीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, क्लॅम्पवर नव्हे, थेट खांबावर. लाल टोक ईसीएमच्या अर्थ पिनेवर मागून. ईसीएमचा कपलर जोडलेला, चावी ऑन. मीटरने ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थ कमजोर आहे. इंजिन आणि बॉडीमधली जाळीची अर्थ पट्टी क्लचचं किंवा गिअरबॉक्सचं काम झाल्यावर परत जोडायची राहून गेलेली असते, ते जरूर बघा.

एक सक्त सूचना. बल्ब आणि टेस्ट लॅम्प हे फक्त वीजपुरवठा आणि अर्थच्या वायरींसाठी आहेत. कॅनच्या वायरींवर, पाच व्होल्टच्या सेन्सर वायरींवर, आणि पिवळ्या रंगाच्या एअरबॅगच्या कपलरवर तो कधीही लावायचा नाही.

ईसीएम जागा आहे का?

यासाठी स्कॅनर लागतच नाही. चावी ऑन करा आणि डॅशबोर्डवरची चेक लाइट बघा. ती चावी ऑन झाल्यावर लागते, इंजिन सुरू झाल्यावर विझते. ती लागलीच नाही आणि मीटरमधले बाकीचे दिवे लागताहेत, तर बहुधा ईसीएमला वीजच मिळत नाही किंवा तो चालूच होत नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडा हलतो का, तेही बघा. नव्या गाड्यांत हा आकडा ईसीएमकडून मीटरकडे कॅन लाइनवरून जातो. काटा हलतो, म्हणजे ईसीएम जागा आहे आणि मीटरशी बोलतो आहे. मग बिघाड स्कॅनरच्या कपलरपासून मुख्य लाइनपर्यंतच्या तुकड्यात किंवा गेटवेमध्ये शोधायचा. दोन मिनिटांच्या या निरीक्षणाने अर्ध्या गाडीचा संशय दूर होतो.

चेक लाइट लागत नाही, ईसीएमची वीज आणि अर्थ दोन्ही बल्ब दिमाखात पेटवतात, तरी तो मेलेला. इथेच बहुतेक जण ईसीएम बदलायला सांगतात. आणि इथेच एक पायरी राहून जाते, ती म्हणजे सेन्सरचे पाच व्होल्ट.

ईसीएम अनेक सेन्सरना पाच व्होल्ट स्वतः तयार करून पुरवतो. त्यातला एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला तर ते पाच व्होल्ट खाली कोसळतात आणि काही ईसीएममध्ये त्यांच्याबरोबर आतला प्रोसेसरही बसून जातो. टोचन करून आणलेली एक कॉमन रेल डिझेल गाडी अशीच होती. चावी ऑन, चेक लाइट नाही, ग्लो प्लगचा दिवा नाही, स्कॅनर नाही. अॅक्सिलरेटर पेडलच्या सेन्सरवर पाच व्होल्टच्या जागी ०.४. चावी ऑन ठेवून, मीटर तिथेच लावून, इंजिनवरचे सेन्सर एकेक करून उपटत जायचं: रेल प्रेशर, कॅम, ईजीआर, बूस्ट प्रेशर. बूस्ट प्रेशरचा कपलर निघाल्याबरोबर मीटर पाचवर गेलं आणि डॅशबोर्डवर चेक लाइट पेटली. स्कॅनर पहिल्या झटक्यात लागला. बदलायचा होता तो फक्त एक सेन्सर.

सगळे सेन्सर उपटूनही पाच व्होल्ट आले नाहीत, तर वायर कुठेतरी बॉडीला किंवा इंजिनच्या ब्रॅकेटला घासली आहे. हार्नेस (वायरींचा जुडगा) जिथे वळतो, क्लिप तुटून जिथे लोंबतो, एक्झॉस्टच्या जवळून जातो, तिथे टेप उघडा. तरीही मिळालं नाही तर ईसीएमच्या कपलरमधून ती पाच व्होल्टची पिन काढून बघा. आता ईसीएमच्या पिनेवर पाच व्होल्ट आले तर दोष वायरीत, नाही आले तर ईसीएमवरचा संशय पहिल्यांदाच पक्का होतो.

कॅन लाइन: आधी ओहम, मग व्होल्ट

कॅन म्हणजे एकमेकींभोवती पीळ घातलेल्या दोन वायरी. त्यांच्यावर सगळी मॉड्यूल जोडलेली असतात आणि दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, बहुधा कुठल्या तरी मॉड्यूलच्याच पोटात. दोन १२० समांतर जोडले की ६० होतात.

चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, थोडा वेळ थांबा. लाइनवर वीज असताना ओहम मोजले तर आकडे खोटे येतात. मग ६ आणि १४ मध्ये ओहम मोजा.

६० च्या आसपास आकडा आला, तर दोन्ही रेझिस्टर जाग्यावर आहेत आणि मधली वायर सलग आहे. १२० आला, तर एक रेझिस्टर दिसत नाही, म्हणजे त्या बाजूला वायर तुटली आहे किंवा ते मॉड्यूल सुटलं आहे. ४० आला, तर कुणीतरी तिसरा रेझिस्टर आणून जोडलाय. जुनं-दुसऱ्या व्हेरियंटचं मॉड्यूल बसवलं किंवा बाहेरचं उपकरण लाइनवर टाकलं की असं होतं. शून्याजवळ आला, तर हाय आणि लो एकमेकांना चिकटल्या आहेत. मीटरने काहीच दाखवलं नाही, तर कपलरपासून मुख्य लाइनपर्यंतची वायरच तुटली आहे. यानंतर ६ आणि ४, १४ आणि ४ असंही मोजा. तिथे काही ओहमच येत असतील तर ती वायर अर्थला लागली आहे.

गेटवे असलेल्या गाडीत हे आकडे जपून वाचा. तिथे कपलरवरची कॅन फक्त गेटवेपर्यंत जाते. त्यामुळे कपलरवर ६० आले तरी पलीकडच्या इंजिनच्या कॅनबद्दल काहीच कळत नाही. डायग्राम काढून गेटवेच्या पलीकडच्या पिनांवर वेगळं मोजावं लागतं.

आता बॅटरी जोडा, चावी ऑन करा आणि अर्थला धरून व्होल्टेज बघा. बोलत असलेल्या लाइनवर कॅन हाय साधारण २.६ ते २.७ आणि कॅन लो २.३ ते २.४ दिसतो, दोन्हींची बेरीज पाचाच्या जवळ. प्रत्यक्षात हाय ३.५ पर्यंत उडी मारत असतो आणि लो १.५ पर्यंत खाली येत असतो, पण हे इतक्या वेगाने चालतं की मीटर त्याची सरासरीच दाखवू शकतं. दोन्हींवर बरोबर २.५ आणि काही हालचाल नाही, तर लाइनवर वीज आहे पण कुणीच बोलत नाही. गेटवेच्या गाडीत स्कॅनरने विचारल्याशिवाय असं शांत असणं स्वाभाविक आहे. कॅन हाय शून्यावर असेल तर तो अर्थला लागलाय का बघा. कुठल्याही वायरीवर १२ व्होल्ट असतील तर ती बॅटरीच्या वायरीला चिकटली आहे, आणि अशा वेळी मॉड्यूलही खराब होऊ शकतात, म्हणून लगेच चावी बंद करा.

ऑसिलोस्कोप असेल तर हेच चित्र स्पष्ट दिसतं: दोन चौकोनी लाटा, एकमेकींचं आरशातलं प्रतिबिंब. हल्ली दोन चॅनेलचे छोटे स्कोप परवडण्यासारखे झाले आहेत. ज्याला या कामात पुढे जायचंय त्याने तो शिकावाच असं माझं ठाम मत आहे.

लाइन कोण अडवतंय?

शॉर्ट किंवा गोंधळ आहे हे कळलं की मॉड्यूल एकेक करून वेगळी करायची. मीटर ६ आणि १४ वर लावून ठेवा, एकाने मीटर बघावं, दुसऱ्याने कपलर काढावेत. ज्याचा कपलर निघाल्यावर आकडा सुधारतो, तिथे दोषी सापडला. पण तो मॉड्यूल असेल किंवा त्याच्या कपलरात शिरलेलं पाणीही असेल. कपलर उघडून बघितल्याशिवाय मॉड्यूलवर शिक्का मारू नका. ज्या मॉड्यूलच्या पोटात रेझिस्टर आहे ते काढल्यावर आकडा १२० होणारच, त्याने गोंधळून जाऊ नका.

सुरुवात मात्र कंपनीच्या मॉड्यूलपासून करू नका, बाहेरून बसवलेल्या गोष्टींपासून करा. जीपीएस ट्रॅकर, रिमोट लॉक, मोठी स्क्रीन असलेली म्युझिक सिस्टिम, मागाहून बसवलेलं सीएनजी किट. टॅक्सी, स्कूल बस आणि फायनान्सवरच्या गाड्यांत ट्रॅकर हमखास असतो आणि तो बसवणाऱ्याने स्कॅनरच्या कपलरमागेच वायरी सोलून टेप गुंडाळलेली असते. ते सगळं सोडवा, मूळ वायरिंग मोकळं करा आणि मग परत मोजा. निम्म्या वेळेला तपास तिथेच संपतो असा माझा अनुभव आहे.

मग पाण्याच्या जागा. काचेखालच्या जाळीचे पाण्याचे मार्ग पानांनी तुंबले की पाणी डॅशबोर्डच्या आत, पायाजवळच्या कोपऱ्यातल्या कपलरवर उतरतं. गालिचा हाताने दाबून बघा, ओल कळते. पुरात बुडालेली गाडी, मग ती कोल्हापूर-सांगलीची असो की मुंबईच्या तळघरातल्या पार्किंगची, वरून कितीही वाळलेली दिसली तरी सीटखालचे कपलर उघडल्याशिवाय तिच्याबद्दल काही म्हणू नये. आणि उंदीर. बॅटरीखाली, इनटेकच्या मागे, फायरवॉलजवळ लेंड्या दिसल्या तर त्या भागातला हार्नेस पूर्ण उघडा. चार वायरी दिसत असतील तर पाचवी न दिसणारीही कुरतडलेली असते.

के-लाइनच्या गाड्या आणि ट्रक

जुन्या गाड्यांत ७ नंबरच्या एकाच वायरीवर संवाद चालतो. स्कॅनर जोडून, चावी ऑन करून ७ नंबरवर मोजा, बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज हवा. शून्य असेल तर ती वायर अर्थला लागली आहे किंवा या लाइनवरचं एखादं मॉड्यूल तिला खाली खेचतंय. एकेक मॉड्यूल वेगळं करायची पद्धत इथेही तीच. या गाड्यांत इमोबिलायझर, एबीएस आणि इंजिन एकाच के-लाइनवर असू शकतात, त्यामुळे इंजिन गप्प असण्याचं कारण इमोबिलायझरच्या डब्यात सापडू शकतं.

ट्रक आणि बसना २४ व्होल्ट असतात. आपला स्कॅनर २४ व्होल्ट सोसतो का हे त्याच्या पुस्तिकेत बघितल्याशिवाय तो लावू नका. तिथे बऱ्याचदा नऊ पिनांचा गोल कपलर असतो. कॅनचे ६० ओहमचे आकडे तिथेही तेच.

इंजिन चालू केल्यावरच लिंक तुटते

चावी ऑनला सगळं उत्तम, सेल्फ मारला की लिंक गायब. सेल्फ मारताना बॅटरीचं व्होल्टेज बघा. १० च्या बरंच खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिच्या केबल. सुरू झाल्यावरही लिंक अडखळत असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन खांबांवर मोजा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसलं तर अल्टरनेटरचा डायोड गेला असण्याची शक्यता दाट आहे. पेट्रोल गाडीत फुटलेली इग्निशन कॉइल किंवा प्लग वायरची ठिणगीही संवादात खळबळ माजवते. तसं काही नसेल तर इंजिन चालू ठेवून हार्नेस भागाभागाने हलवून बघा आणि कुठल्या धक्क्याला लिंक तुटते ते पकडा.

वायर जोडताना

कॅनची वायर नुसता पीळ घालून, टेप गुंडाळून जोडली तर एखाद्या पावसाळ्यात ती परत येणारच. दोन्ही वायरी वेगवेगळ्या जागी कापा, म्हणजे जोड शेजारी शेजारी येणार नाहीत. सोल्डर करा किंवा चांगल्या दर्जाचा क्रिम्प वापरा, वर गोंद असलेली हीट-श्रिंक स्लीव्ह घाला, आणि दोन्ही वायरींचा एकमेकींभोवतीचा पीळ पूर्वीसारखाच परत घाला. तो पीळ बाहेरचा गोंगाट दूर ठेवतो, म्हणून उघडा राहिलेला तुकडा शक्य तितका आखूड असू द्या. मधेच नवी लांब फाटा-वायर काढून मॉड्यूल जोडू नका.

हिरवी पडलेली पिन घासून चालवू नका. वरचा मुलामा गेला की ती आणखी वेगाने सडते. पिन बदला, किंवा त्या कपलरचा वायरीसकट तुकडा चांगल्या गाडीवरून घ्या.

आता ईसीएमबद्दल. वीज भाराखाली टिकते, अर्थ टिकतो, पाच व्होल्टची पिन मोकळी केली तरी पाच व्होल्ट येत नाहीत किंवा आले तरी तो बोलत नाही, कॅनच्या दोन्ही वायरी थेट ईसीएमच्या पिनेपर्यंत सलग आहेत, आणि लाइन दुसरं कुणी अडवत नाही. या सगळ्यावर टिकमार्क झाला की ईसीएम खोलायला किंवा दुरुस्तीला द्यायला हरकत नाही. मालकाला आकडे लिहून द्या. कोडिंग आणि इमोबिलायझरचा खर्च आधीच सांगा. आणि दोन्ही चाव्या मागवून घ्या.

दुरुस्तीनंतर सगळ्या मॉड्यूलमधले कोड पुसा, गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावरून फिरवून आणा आणि पुन्हा सगळी मॉड्यूल उघडा. यू कोड परत आले नाहीत तर गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून सकाळी थंड इंजिनवर आणखी एकदा स्कॅन करा. ओल धरलेला जोड सकाळच्या गारव्यातच बहुधा आपलं खरं रूप दाखवतो. तेव्हाही कोड नसतील तर सुरुवातीला लिहिलेल्या कागदावर नवे आकडे लिहा आणि त्याची एक प्रत गाडीच्या फाइलमध्ये लावा, पुढच्या वेळी बॉनेट उघडणाऱ्याला त्याचा उपयोग होईल.